अलीकडे तुम्ही कोणती पुस्तकं वाचलीत आणि ती खरंच कशी वाटली?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नाशिकला आलोय, वाचन बरीच वर्षं सुटलंय, तेव्हा एखाद्या साध्या वाचकाने अलीकडे वाचलेल्या कथा-कादंबऱ्या आणि इतर पुस्तकांबद्दल मोकळेपणाने सांगावं, समीक्षा नको. समीक्षा मला जमणारही नाही. माझं इंदिरानगरला मेडिकल आहे. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, तेव्हा काउंटरमागे बसून होईल तेवढं वाचते. कुणी चिठ्ठी घेऊन आलं की पानात बोट घालून उठायचं. त्यामुळे मधेच तुटल्यावर जे पुस्तक पुन्हा धरून ठेवतं ते माझ्या लेखी चांगलं. आणि एक खोड आहे, ती आधीच सांगते: लेखकाने मोठं काहीतरी सिद्ध करायला घेतलं की माझं लक्ष उडतं, बारीकसारीक सांगायला लागला की परत येतं. पुढची सगळी मतं त्याच खोडीतून आलेली आहेत.

नाशिकला आलाच आहात तर पहिलं नाव लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचं. त्यातला एखादा उतारा शाळेत सगळ्यांनीच वाचलेला असतो, बहुतेक म्हणूनच अख्खं पुस्तक कुणी उघडत नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आजोबांना 1857 च्या बंडापायी इंग्रजांनी फाशी दिलं आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी मीठसुद्धा. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर रडगाणं झालं असतं, नाहीतर वडिलांच्या मनाची चिरफाड. लक्ष्मीबाई नुसतं काय काय घडायचं ते सांगत जातात. आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की हे सगळं धुवायला पाणी भरणारी एक बाई त्या घरात होती.

पुढे नवरा भेटला तोही कवी! रेव्हरंड ना. वा. टिळक: लहरी, तापट, हातात पैसा आला की वाटून मोकळा, न सांगता घरातून निघून जाणारा. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे गेल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. मला सगळ्यात भावला तो हा मधला काळ. नवऱ्याकडे परत गेल्या म्हणून सोवळं एका रात्रीत सुटलं नाही. कुणाच्या हातचं पाणी चालेल, कुठे जेवायचं, कुठे नाही, असं करत एकेक गाठ सुटत गेली आणि त्यांनी ती तशीच मांडली. आपण किती सुधारलो याचा डंका कुठेही नाही. शरणपूर रोडच्या सिग्नलला तुम्ही रोज थांबत असाल, तर ते शरणपूर म्हणजे मिशनऱ्यांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती. पुस्तक वाचल्यापासून मला तो रस्ता नुसता ट्रॅफिकचा वाटत नाही. तक्रार एकच, माणसांची नावं फार येतात आणि कोण कुणाचा कोण ते कळेनासं होतं. मी ती नावं सोडून देत पुढे गेले, काही बिघडलं नाही.

त्याच्या मागोमाग 'सेपियन्स' घेतलं, युव्हाल नोआ हरारींचं. सगळे वाचतात म्हणून. मराठी अनुवाद वासंती फडके यांचा आहे आणि वाचायला सरळ आहे. पैसा, राष्ट्र, कंपनी या सगळ्या माणसांनी मिळून मानलेल्या गोष्टी आहेत आणि त्यांच्याच जोरावर लाखो अनोळखी माणसं एकत्र काम करतात, हा भाग मला पटला. गल्ल्यातल्या नोटेकडे दोन दिवस वेगळ्याच नजरेने बघत होते. पण शेतीची क्रांती ही इतिहासातली सगळ्यात मोठी फसवणूक, माणसाने गहू पाळला नाही तर गव्हानेच माणसाला पाळलं, असं ते म्हणतात तिथे मी अडले. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. वडिलांना फोनवर हे ऐकवलं. ते म्हणाले, "गव्हाचं मला माहीत नाही, पण द्राक्षाने आम्हाला पाळलंय हे खरं आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की डावणी-भुरी रोगांच्या धाकाने रात्री उठून आभाळ बघतो, ते कुणासाठी?" म्हणजे हरारींचं म्हणणं वडिलांनी एका वाक्यात मान्य केलं, आणि मला पुस्तकातल्या पानांपेक्षा वडिलांकडून जास्त पटलं. पुस्तकाची अडचण हीच आहे. पाच-सहा पानांत हजार वर्षं उरकतात, आणि कुठे अडखळणं नाही, कुठे 'बहुधा' नाही. गप्पांत सांगायला मुद्दे भरपूर मिळतात, माणूस एकही लक्षात राहत नाही.

याच्या अगदी उलट अतुल गावंडेंचं 'बीइंग मॉर्टल', 2014 चं. हे मी इंग्रजीतून वाचलं, सावकाश. गावंडे अमेरिकेत सर्जन आहेत, घराणं मूळचं आपल्याकडचं. म्हातारपण आणि मरण यांचं वैद्यकाने काय करून ठेवलंय, हा विषय. ऐकायला जड आहे, पण पुस्तक माणसांनी भरलेलं आहे. त्यांचे आजोबा सीताराम उटी नावाच्या खेड्यात राहायचे आणि जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले. रोज रात्री घोड्यावर बसून शेताची फेरी मारल्याशिवाय झोपायचे नाहीत, शंभरीनंतरही. घरच्यांनी त्यांना अडवलं नाही. जरा लहान आणि संथ चालीचा घोडा आणून दिला आणि सोबत माणूस जाईल असं बघितलं. तेवढ्यात सगळं आलं. हे सगळं जमवून आणणाऱ्या घरातल्या सुनांबद्दल मला आणखी वाचायला आवडलं असतं, पण गावंडेंनी ते चित्र नुसतं गोड ठेवलेलं नाही. जुन्या पद्धतीत तरुणांचं काय जायचं तेही ते सांगतात.

माझ्या धंद्याला लागून असलेले दोन भाग तर मी परत परत वाचले. म्हातारी माणसं का पडतात, याची तीन मोठी कारणं त्यात दिली आहेत: तोल जाणं, स्नायूंची ताकद कमी होणं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली चारपेक्षा जास्त औषधं चालू असणं. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीपुढच्या किती माणसांच्या चिठ्ठीवर चारच औषधं असतात? सासूबाईंच्या पुढच्या तपासणीला मी स्वतः गेले आणि डॉक्टरांना यादी दाखवून एकेक गोळी कशासाठी ते विचारलं. त्यांनी शांतपणे बसून दोन बंद केल्या. दुसरा भाग न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृद्धाश्रमाचा. बिल थॉमस नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे दोन कुत्रे, चार मांजरी आणि शंभर पक्षी आणायचं ठरवलं. पक्षी आले, पिंजरे आलेच नव्हते. मग शंभरही पक्षी आश्रमाच्या ब्युटी पार्लरमध्ये सोडून दार लावून घेतलं! बोलणं टाकलेली माणसं त्यानंतर बोलायला लागली, आणि दुसऱ्या तशाच आश्रमाशी तुलना केली तर माणशी औषधं निम्म्यावर आली. धंद्याच्या दृष्टीने वाईट बातमी, पण हसू आलं. शेवटी गावंडे स्वतःच्या वडिलांच्या आजारपणाचं लिहितात. वडीलही सर्जनच होते. ती प्रकरणं मी काउंटरवर वाचली नाहीत, घरी वाचली.

'आमचा बाप आन् आम्ही' हे नरेंद्र जाधवांचं, 1993 चं. हे गाजलेलं पुस्तक आहे, पण नाशिककराने ते वेगळ्या कारणासाठी वाचावं. आज ओझर म्हटलं की एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ डोळ्यांपुढे येतो. हा बाप, दामू, त्याच ओझरचा. येसकर, म्हणजे गावकीची कामं करणारा महार, म्हणून विहिरीतल्या प्रेतावर पहारा द्यायला लावलं, वर प्रेत काढायला आत उतर म्हणून हुकूम सोडला. तो नाही म्हणाला, मार खाल्ला आणि बायकोला घेऊन मुंबईला निघून गेला. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातही तो होता. 2 मार्च 1930 ला सुरू झालेला, बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा हा सत्याग्रह पाच वर्षं चालला. तारखा मला शाळेपासून पाठ होत्या. गर्दीत उभा असलेला एक माणूस आतून काय विचार करत होता, ते इथे कळलं. बापाच्या स्वतःच्या शब्दांतला भाग अस्सल आहे. मुलगा अर्थशास्त्रात डॉक्टरेट करतोय म्हटल्यावर हा बाप विचारतो की तुझ्या संशोधनाचा रस्त्यावरच्या माणसाला उपयोग काय. मुलांच्या यशाचा भाग आला की मात्र पुस्तक सत्कार समारंभाकडे झुकतं. वाईट नाही, पण बाप जरा बाजूला पडतो आणि आपल्याला तोच हवा असतो.

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचायचं असेल तर एका बैठकीत एकच कथा वाचा. बागूल विहितगावचे, म्हणजे तुमच्या नाशिकरोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरचे. 1963 चा हा संग्रह आजही अंगावर येतो. वाक्यं आवाज चढवून बोलतात, आणि काही ठिकाणी तो आवाज मला जास्त वाटला. पण शीर्षककथेतला माणूस नोकरीसाठी परगावी, गुजरातेत उधन्याला जातो आणि जात लपवून खोली घेतो, तेव्हापासून शेवटपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. एका गिऱ्हाइकाला तेवढ्यात चुकीचे सुटे पैसे दिले, त्याने बिचाऱ्याने परत आणून दिले.

अगदी अलीकडची म्हणाल तर कृष्णात खोतांची 'रिंगाण'. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. धरणासाठी उठवलेलं गाव, मागे रानात राहिलेल्या म्हशी, आणि त्यांतली एक परत आणायला गेलेला माणूस. गोष्ट म्हणाल तर एवढीच. बोली कोल्हापूरकडची आहे, आपल्याकडच्या कानाला सुरुवातीला अवघड जाते. पहिली काही पानं मी पुटपुटत वाचली, मग जीभ सुटली. विस्थापन, पुनर्वसन हे शब्द आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. इथे रानटी झालेलं जनावर आणि माणूस समोरासमोर उभे राहतात आणि दोघांपैकी कोण जास्त उठवलं गेलंय, हे सांगता येत नाही. मधे पन्नासेक पानं मला लांबल्यासारखी वाटली. तरीही संध्याकाळी गंगापूर धरणाचं पाणी नळाला आलं तेव्हा, त्या पाण्याखालीही कुणाची शेतं असतील, असं पहिल्यांदाच मनात आलं. याच विषयावरची विश्वास पाटलांची 'झाडाझडती' सध्या हातात आहे. ती सरकारी कचेरी आतून ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेली आहे हे पानोपानी कळतं. अर्धी झाली आहे, मत नंतर.

पहाटे उठा, सवयी बदला, श्रीमंत व्हा छापाची दोन पुस्तकं भाच्याने भेट दिली होती. दोन्हींत मिळून एका लेखापुरता ऐवज आहे, नावं घेत नाही.

कादंबरी घ्यावी की माहितीचं पुस्तक, असंही तुम्ही विचारलंय. सुटलेलं वाचन परत धरायचं तर माझ्या मते यातल्या कशानेही सुरुवात करू नका, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी घ्या. 1955 ची, पातळशी आहे. नवखा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, बस. तुमच्यासारख्या बदली झालेल्या माणसाला ती आणखी जवळची वाटेल. पुस्तकं विकत घ्यायच्या भानगडीत लगेच पडू नका. टिळकपथावर सार्वजनिक वाचनालय आहे, आम्ही त्याला 'सावाना' म्हणतो, 1840 पासूनचं आहे. तिथे सभासद व्हा. सोसायटीत आणखी चार वाचणारी माणसं निघाली तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेची चौकशी करा, पुस्तकांची पेटीच मिळते आणि आपसांत फिरवता येते. आणि 'स्मृतिचित्रे' मागाल तेव्हा संक्षिप्त आवृत्ती हातात आली तर परत करा, पूर्ण मागा. लक्ष्मीबाईंची मजा नेमकी त्या गाळलेल्या फालतू वाटणाऱ्या गोष्टींतच आहे.