पोलीस भरतीला गुडघा लागतो, भाऊ

भाऊ, पत्र वाचलं. मुलगा 22 वर्षांचा, बीए शेवटचं वर्ष, महाराष्ट्राकडून रग्बी खेळला, सीनियर नॅशनलला ब्राँझ आहे, मुंबईच्या लीगमध्ये जायचं म्हणत होता आणि टॅकलमध्ये तोच गुडघा दुसऱ्यांदा गेला. लिगामेंटचं दुसरं ऑपरेशन होऊन 4 महिने झाले, डॉक्टर म्हणाले आता धडकाधडकीचा खेळ बंद. इथपर्यंत समजलं. पण मधेच तुम्ही एक ओळ टाकलीय, की रोज पहाटे 5 ला उठवून त्याला हायवेला पळायला नेता, भरती निघाली की तयार पाहिजे म्हणून. करिअरचं नंतर बोलू, आधी ते पळणं बंद करा.

नवीन लिगामेंट टाकलं म्हणजे ते पक्कं झालं असं नसतं. पहिले काही महिने ते उलट कमजोर होतं आणि मग हळूहळू ताकद धरतं, नऊ महिने ते वर्ष जातं, आणि दुसऱ्यांदाच्या ऑपरेशनला तर अजून जपून. स्लॅब टाकल्या दिवशी सेंट्रिंग काढता का तुम्ही? कधी पळायचं, किती पळायचं हे फिजिओ ठरवेल. चुलत भाऊ भरती झाला म्हणून हे लेकरू अंधारात डांबरी रोडवर पळायलंय, आणि तुम्ही लिहिता "बोलत नाही, जेवत नाही, खोलीत बसतो". अहो बोलेल कसं? ज्या खेळावर सगळं लावलं तो गेला आणि घरात रोज ऐकायला काय, तर 4 वर्षं वाया गेली. आठवडाभर तरी हे वाक्य घरात नको. तरी जेवण-झोप बिघडलेलीच राहिली तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा, त्यात लाजायचं काही नाही.

सॅम वॉरबर्टन म्हणून वेल्सचा कॅप्टन होता, 2013 आणि 2017 ला ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचाही, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या रग्बी संघाचाही, कॅप्टन. मान आणि गुडघ्यापायी 2018 ला 29 व्या वर्षी त्यानं खेळ सोडला. एवढे डॉक्टर-फिजिओ हाताशी असलेल्या माणसाचं शरीर ऐकलं नाही, मग तुमच्या पोरानं कष्ट कमी केले असं का धरून चाललात? नंतर तो काही काळ वेल्सच्याच कोचिंग स्टाफमध्ये होता.

आता तुमचा मोठा गैरसमज. "खेळच सुटला, सर्टिफिकेट रद्दीत गेले" असं लिहिलंय. नाही हो. राज्य सरकारच्या नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण मिळवलेल्या कामगिरीवर असतं, आज मैदानात आहे का नाही यावर नाही. रेल्वेबिल्वेत खेळाडू म्हणून भरती असते तिथं ट्रायल देणारा, चालू खेळाडू लागतो, ते दार बंद झालं हे मान्य. पण एमपीएससी किंवा टेबलाच्या कामाच्या पदाला तसं नाही. फक्त सर्टिफिकेटची पडताळणी लागते, ती विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते, तुमच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला. त्याची स्पर्धा नियमात बसते का, कोणत्या गटाच्या पदाला चालते, हे तिथंच विचारा आणि जाहिरातीची वाट न बघता करून घ्या. परीक्षा मात्र द्यावीच लागते, नॅशनलच्या मेडलवर कुणी थेट खुर्ची देत नाही. आणि पोलीस शिपायाला कोटा असला तरी 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक चुकत नाही, म्हणून ते नाव काढूच नका.

फिजिओथेरपीचं तुम्ही विचारलंय, त्याला बारावी सायन्स आणि नीट लागते, आर्ट्सवाल्याला नाही जमणार. बीपीएडच्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, सीईटीतही मैदानी चाचणी असते, ते पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून बघू.

मला विचाराल तर यंदा त्यानं फक्त दोन गोष्टी कराव्यात, बीए पूर्ण आणि कोचिंगची सुरुवात. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे सुरुवातीचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, मोबाईलवर होतात, इंग्रजी थोडं जड जाईल पण खेळ त्याला तोंडपाठ आहे. आवडलं तर पुढं कोचिंगचे कोर्स पतियाळाच्या एनआयएसचे, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे असतात, संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे तिथं चौकशी करता येईल. पगार लगेच नाही मिळणार हे आत्ताच सांगतो, नंतर मला शिव्या नको. पडताळणी आणि साई दोन्ही एकाच चकरेत होईल, पण तुम्ही नका जाऊ, त्याला एकट्याला पाठवा. एसटीत बसायला गुडघ्याची काही हरकत नाही.