अर्धे उपचार मोबाईलवर, अर्धे सांगलीत

बाळा,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "काकू, जेवण झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन काय करते ते प्लीज आईला सांगू नका." नाही सांगितलं आणि सांगणारही नाही, तू 19 ची आहेस, ते तुझं तू सांगायचं, आणि एकटीला जमलं नाही तर मी शेजारी बसेन. पण त्याच्याखाली तू लिहिलंयस ना, "मी काही हाडाची काडी झालेली नाही, मग डॉक्टरकडे जाऊन सांगू काय", ते वाचून मला झोप लागली नाही. कारण अगदी हेच वाक्य मी स्वतःला अठरा वर्षं सांगत होते.

तुला जे होतंय त्याला बुलिमिया म्हणतात असं मला वाटतं, म्हणजे एकदम खूप खायचं आणि मग उलट्या करून किंवा उपाशी राहून ते भरून काढायचं, नक्की काय ते डॉक्टर सांगतील. 1979 मध्ये जेराल्ड रसेल नावाच्या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञानं या आजाराला हे नाव दिलं. हा असलेल्या बऱ्याच जणांचं वजन बाहेरून बघणाऱ्याला अगदी नॉर्मल दिसतं, म्हणूनच तो घरात वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. आणि आपल्याकडे तर लपवायला केवढी जागा आहे बघ, संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, मुलगी जेवली नाही तर आजी उलट कौतुक करते, किती श्रद्धा आहे पोरीची. मी गणपतीच्या देवळात हात जोडून उभी राहायचे आणि डोक्यात एवढंच असायचं की आज न जेवल्याचं कारण कुणाला सांगावं लागणार नाही. मग रात्री सगळे झोपल्यावर डबे उघडायचे, आणि पुढचं तुला माहितीच आहे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे खाण्याच्या आजारांवरच काम करणारे लोक शोधायला गेलीस तर बहुतेक पुण्या-मुंबईचे किंवा बंगळूरचेच सापडतील, आणि दर आठवड्याला पुण्याला जायचं म्हणजे एसटीत जायला चार-पाच तास, यायला तेवढेच, कॉलेज बुडणार, घरी कारण काय सांगणार. मी 2021 मध्ये ऑनलाइन उपचार सुरू केले. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 2020 मध्ये, सरकारनं टेलिमेडिसिनच्या गाईडलाईन्स काढल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरनं व्हिडिओवर तपासून प्रिस्क्रिप्शन देणं हे आता रीतसर आहे, चोरीचा मामला नाही. काही गोळ्या मात्र व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत, तसं डॉक्टरांनी सांगितलं तर टाळाटाळ करतायत असं समजू नकोस.

पण कुणाकडे जातेयस ते आधी नीट बघ, यात मी एकदा फसलेय. एका ॲपवर पैसे भरले, समोर "कोच" म्हणून एक मुलगी आली आणि पंधरा मिनिटांत मला वजन कमी करायचा चार्ट पाठवला. मला! तो चार्ट मी दोन महिने पाळला आणि आधीपेक्षा वाईट अवस्थेत गेले. म्हणून पहिल्याच फोनला सरळ विचारायचं, अजिबात लाजायचं नाही, तुमचं रजिस्ट्रेशन काय आहे (बोलून उपचार करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा नंबर असतो, गोळ्या लिहून देणारा सायकियाट्रिस्ट असेल तर मेडिकल कौन्सिलचा), खाण्याच्या आजाराचे पेशंट तुम्ही आधी बघितलेत का, कोणत्या पद्धतीनं काम करता, आणि माझ्या रक्ताच्या तपासण्या कोण बघणार. या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस गडबडेल त्याच्याकडे जाऊ नकोस. फीसुद्धा तेव्हाच विचारायची, स्टुडंट आहे म्हणून सांगितलं की काही जण कमी करतात.

रक्ताच्या तपासण्यांवर मी एवढा जोर का देतेय ते सांगते. स्क्रीनवरच्या माणसाला तुझी नाडी हातात धरता येत नाही. उलट्यांनी आणि जुलाबाच्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि ते फार खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस वरून ठणठणीत दिसत असतानासुद्धा. म्हणून माझे अर्धे उपचार मोबाईलवर होते आणि अर्धे इथं. इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे मी चिठ्ठी घेऊन गेले, त्यांनी इलेक्ट्रोलाइट्स (म्हणजे रक्तातले पोटॅशियमसारखे क्षार) आणि ईसीजी करून घेतला, रिपोर्टचे फोटो मी थेरपिस्टला आणि सायकियाट्रिस्टला पाठवले. आणि दर सोमवारी त्यांच्या दवाखान्यात वजन. काट्यावर पाठमोरी उभी राहायचे, सिस्टर आकडा बघून थेट थेरपिस्टला कळवायच्या, मला नाही. (काही थेरपिस्ट उलट आकडा पेशंटसोबत बघतात आणि त्यावर बोलतात, तीही पद्धत आहे, तुझी जे म्हणेल ते कर.) घरातला काटा मी नणंदेकडे देऊन टाकला. तुमच्या कपाटाखाली जो आहे ना, तो पहिल्या आठवड्यातच बाहेर काढायचा.

सगळ्याच डॉक्टरांना हा आजार कळतो असंही नाही. एकानं मला "डाएट छान चाललंय की, चेहऱ्यावर तेज आलंय" म्हटलं होतं, मी तिथून बाहेर पडून रिक्षात रडले. तसं झालं तर दुसरा दवाखाना बघायचा, तेवढ्यावर सोडून द्यायचं नाही. मिरज जवळ आहे, तिथं दवाखान्यांना तोटा नाही.

आता सेशनमध्ये नक्की काय होतं, कारण तुला त्याचीच जास्त भीती वाटतेय. माझं सीबीटी-ई पद्धतीनं झालं, म्हणजे खाण्याच्या सवयी आणि त्यामागचे विचार बोलून बदलायचे, ती ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या आजारांसाठी बसवलेली आहे. वजन फार कमी नसेल तर साधारण 20 सेशन्स, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग एकदा. लहानपणात काय झालं वगैरे पहिल्या दिवशी कुणी उकरत बसत नाही. पहिलं काम इतकं साधं असतं की मला रागच आला होता, वेळेवर खायचं. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं काहीतरी, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही, आदल्या रात्री काहीही झालेलं असलं तरी. कारण रात्रीचा तो झटका आकाशातून पडत नाही, दिवसभर पोट मारलं की शरीर रात्री वसूल करतं. हे मला कुणी वीस वर्षांची असताना सांगितलं असतं तर, जाऊदे.

पहिल्यांदा दुपारी चारला काहीतरी खायचं ठरलं ते मला अजून दिसतं. मी आमच्या गाडीत बसलेले, विश्रामबागेत झाडाखाली गाडी लावलेली, कारण घरात सासूबाई आणि भिंती पातळ. मोबाईल डॅशबोर्डवर, स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केलेला. मांडीवर वाटीभर भडंग, वर शेंगदाणे. तिकडे मुंबईत माझी थेरपिस्ट बिस्किटं घेऊन बसलेली, म्हणाली तुम्ही घास घ्या, मी पण घेते. एक वाटी भडंग संपायला मला बावीस मिनिटं लागली. एक शेंगदाणा बोटांत धरून मी इतका वेळ बघत होते की त्याचं साल निघून आलं. ती एकदाही "खा ना" म्हणाली नाही, तिचं बिस्कीट संपलं तरी बसून राहिली, आणि संपल्यावर अर्धा तास माझ्याशी बोलत राहिली, म्हणजे उठून घराकडे धावायचा जो वेळ असतो तो निघून गेला.

काही बारक्या गोष्टी आहेत पण ऑनलाइनला त्याच फार उपयोगी पडतात. व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा दिसणारी खिडकी पहिल्यांदा बंद कर, तासभर स्वतःचे गाल बघत बसणं आपल्यासारख्यांना शिक्षा असते आणि अर्धं लक्ष तिकडेच जातं. इअरफोन लाव, म्हणजे निदान समोरचीचं कुणाला ऐकू येणार नाही. लाईट गेली, नेट गेलं तर साध्या फोनवर बोलायचं हे आधीच ठरवून घे. पहिल्या सेशनला तुझा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागतील, तो खरा द्यायचा, ती चौकशी नाही, तुला चक्कर आली तर इथं कुणीतरी दार वाजवावं म्हणून आहे ते. माझा नंबर दे. आणि जे झालं ते खरं सांग, कॅमेऱ्यासमोर खोटं बोलणं फार सोपं जातं, मी पहिली तीन सेशन्स "चांगला आठवडा गेला" म्हणत वाया घालवली.

उलटी झाली तर लगेच ब्रश करू नकोस, नुसत्या पाण्यानं खळखळून चूळ भर, ॲसिडनं मऊ झालेले दात घासले की जास्त झिजतात. गोळ्यांचं म्हणशील तर सायकियाट्रिस्टला वाटलं तर फ्लुओक्सेटिन नावाची डिप्रेशनवरची गोळी यातही देतात, पण मेडिकलमधून मनानं काही आणायचं नाही.

आणि एक गोष्ट अपॉइंटमेंटची वाट बघण्यासारखी नाही. छातीत धडधड होऊन थांबेना, चक्कर येऊन पडलीस, उलटीत रक्त दिसलं, पाणीसुद्धा पोटात राहीना, की व्हिडिओ कॉल नाही, सरळ कॅज्युअल्टी, रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवायचं. जीव नकोसा वाटला तर मला आणि 14416 ला फोन कर, तो टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. काही करून घेशील असं वाटायला लागलं तर एकटी थांबायचं नाही, मी येते.

उपासाचं तू विचारलंस, आईला काय सांगू म्हणून. माझी आजी म्हणायची आजारी माणसाला उपास नसतो, देवाला चालतं. तू आजारी आहेस गं. यंदाचं नवरात्र सोडून दे, मी तुझ्या आईशी बोलेन की डॉक्टरांनी हिला वेळच्या वेळी खायला सांगितलंय, रक्त तपासायचंय, यात काहीच खोटं नाही. बाकीचं तुला वाटेल तेव्हा.

मंगळवारी दुपारी तीन ते पाच आमच्याकडे कुणी नसतं, यांची ड्युटी असते आणि सासूबाई भजनाला जातात. वरच्या खोलीत नेट चांगलं लागतं, दाराला आतून कडी आहे. फोन करायचे तीन नंबर मी कागदावर लिहून ठेवलेत, पहिला फोन आपण दोघी मिळून करू. भडंग घरात आहे, इअरफोन तेवढे तुझे आण.

तुझी काकू