नक्कलच पाहायची, तर वालों-पों-दार्कला का जावे?

आदिमानवाच्या चित्रांची मूळ शोव्हे गुहा पाहता येत नसताना नुसत्या प्रतिकृतीसाठी दक्षिण फ्रान्समधल्या वालों-पों-दार्कपर्यंत जावे का, असे आपण विचारले आहे. मी दोनदा जाऊन आलो आहे. जावे, असेच माझे मत आहे. मात्र दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवावेत आणि पहिली सकाळ गुहेला न देता नदीला द्यावी.

गावापासून काही किलोमीटरवर आर्देश नदीने चुनखडीचा कडा आरपार कोरून ५४ मीटर उंचीची कमान तयार केली आहे. राजगडाचे नेढे पाहिलेल्याला तेच आठवेल, पण या नेढ्यातून अख्खी नदी वाहते. पूर्वी ती कड्याला वळसा घालून जात असे. कमान झाल्यावर तो वळसा कोरडा पडला, आणि त्याच्यावरच्या कड्यात मूळ गुहा आहे. म्हणजे चित्रे काढणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवर ही कमान होती. हे आधी पाहिले नाही, तर प्रतिकृती केवळ संग्रहालय वाटते. पहिल्या खेपेस माझे तसेच झाले.

गुहा १८ डिसेंबर १९९४ रोजी सापडली. त्यातील सर्वांत जुनी चित्रे सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची आहेत. फ्रान्समधल्याच लास्को या दुसऱ्या चित्रगुहेतील चित्रांची पर्यटकांच्या श्वासोच्छ्वासामुळे हानी होऊ लागल्याने ती १९६३ मध्ये बंद करावी लागली होती. तो धडा लक्षात ठेवून शोव्हे सर्वसामान्यांसाठी कधी उघडलीच नाही. गावाजवळच्या पठारावरील प्रतिकृती २०१५ पासून पाहता येते. मार्गदर्शकासोबतच आत जाता येते, म्हणून वेळ आधी आरक्षित करावी, आणि आत गारवा असल्याने अंगावर काहीतरी घ्यावे.

घोड्यांच्या भिंतीपुढे मात्र रेंगाळावे. चित्रकाराने आधी भिंत खरवडून पांढरी केली, मग कोळशाने एकामागे एक चार डोकी रेखाटली आणि कोळसा पसरवून गालांना गोलाई दिली. खाली दोन गेंडे शिंगाला शिंग भिडवून उभे आहेत. प्रतिकृतीत हे सारे हुबेहूब उतरले आहे, अगदी दगडावर ठेवलेल्या अस्वलाच्या कवटीसकट.

पोहता येत असेल, तरच कमानीखालून जाणारी आठ किलोमीटरची कनू-सफर करावी. जुलै-ऑगस्टमध्ये नदीत होड्यांची अक्षरशः जत्रा भरते, त्यामुळे जून किंवा सप्टेंबर बरा. रेल्वेने मोंतेलिमारला उतरून पुढे भाड्याची मोटार घेणे सोयीचे पडते.