बोटांचे ठसे आणि हातातलं कसब

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलाने यंदा गुजरात बोर्डाची दहावी दिली, निकाल यायचा आहे. प्रिलिमला गणितात ८० पैकी ४१ होते. मोठी मुलगी सीए करते आहे. ट्यूशनच्या सरांच्या ओळखीने त्यांनी साडेसात हजार रुपये भरून बोटांच्या ठशांवरून ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ सांगणारा रिपोर्ट काढला. त्यात मुलाची तार्किक बुद्धिमत्ता ९ टक्के आणि माणसांत मिसळण्याची १७ टक्के निघाली. शिफारस अशी की सायन्स नको, कॉमर्स घेऊन इव्हेंट मॅनेजमेंट करावं. मुलगा सायन्सवर अडून बसलाय. वडील म्हणतात, एवढे पैसे दिले ते काय उगीच? आई विचारतात, ‘माझ्या मुलात नेमकी कुठली बुद्धी आहे, ते तरी सांगा.’

ताई, नमस्कार.

आधी त्या रिपोर्टचं बोलून टाकते, कारण त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत. पैसे गेले ते गेले. तो रिपोर्ट कपाटात टाका आणि शाखा ठरवताना बाहेर काढू नका. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच, सहाव्या महिन्याच्या आत पक्क्या होतात आणि पुढे जन्मभर तशाच राहतात. म्हणून तर त्या पोलिसांच्या आणि आधार कार्डाच्या कामी येतात. पण त्या रेषा बघून कोणाला गणित जमेल आणि कोणाला गाणं, हे सांगायला शास्त्राचा आधार नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही हे जाहीरपणे सांगितलेलं आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘पण स्वभावाचं वर्णन तर अगदी तंतोतंत जुळतं हो.’ जुळणारच. बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली, आणि नंतर प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्वभावाचं वर्णन ठेवलं. हे तुम्हाला कितपत लागू पडतं, पाचपैकी गुण द्या, म्हणाला. सरासरी चारच्या वर गेली. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना कागद एकच दिला होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. तुमच्या रिपोर्टातलं ‘मनातलं चटकन बोलत नाही, पण विश्वास बसला की मोकळा होतो’ हे वाक्य तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. त्यांच्याविषयी आहे असं सांगून. बघा, नाही म्हणतात का!

त्यातली बुद्धिमत्तांची नावं मात्र हवेतून आलेली नाहीत. हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलं की बुद्धी एकच नसते, ती सात प्रकारची असते: भाषेची, तर्काची, संगीताची, शरीराची, अशी. पुढे त्यांनी निसर्ग ओळखण्याची आठवी जोडली. शिक्षकांना हे फार आवडलं, आणि का आवडू नये? गणितात मागे पडणाऱ्या पोराला ‘ढ’ म्हणू नका, हे कोणीतरी विद्यापीठातून सांगत होतं. पण या आठ बुद्धी एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र आहेत, याचा पक्का पुरावा मिळालेला नाही. शिवाय अंगठ्यावरून त्यांचे टक्के काढायची युक्ती गार्डनर यांची नव्हे, ती दुकानदारांची. त्या टक्क्यांत एक साधी खोटही आहे. सगळ्यांची बेरीज शंभर होते. म्हणजे मुलगा मित्रांत जास्त रमू लागला तर त्याचं गणित कमी व्हायलाच हवं! माणसाची बुद्धी अशी वाटणीची इस्टेट नसते.

उलट ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांना १९०४ मध्येच दिसलं होतं की एका विषयात बरी असणारी मुलं बहुतेक वेळा दुसऱ्या विषयातही बरी असतात. म्हणजे सगळ्यांच्या मागे एक सामाईक ताकद असावी. अमेरिकेतल्या लुईस थर्स्टन यांनी १९३८ मध्ये ते खोडायला घेतलं आणि सात वेगवेगळ्या मूळ क्षमता मांडल्या. शब्द समजणं, शब्द झटकन सुचणं, आकडेमोड, स्मरण, नजरेने बारकावे चटकन टिपणं, तर्क, आणि आकृती मनातल्या मनात फिरवून पाहणं. हा वाद बरीच वर्षं चालला. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही मान्य करतात: खाली सामाईक पाया आहे, आणि त्यावर प्रत्येकाचे उंचसखल भाग वेगळे आहेत. शाखा निवडताना कामाला येतात ते हे उंचसखल भाग.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. तुमच्या चार पानी पत्रात मला सगळ्यांत मोलाची वाटली ती तक्रारीची ओळ. तुम्ही लिहिता, ‘गणपतीच्या आधी आठ दिवस अभ्यास टाकून पुठ्ठे कापत बसला. मांडवीचा दरवाजा करायचा म्हणे. कागदावर एक रेघ काढली नाही. सगळे तुकडे आधी कापून ठेवले आणि आदल्या रात्री जोडले. मूर्ती पुढून आत जाईना म्हणून हे ओरडले, तर त्याने मागची भिंत दारासारखी उघडून दाखवली.’

ताई, हे परत एकदा सावकाश वाचा. मांडवी म्हणजे आपल्या जुन्या बडोद्याच्या मधोमध उभा दरवाजा, चारी बाजूंनी कमानी आणि वर मजले. पुठ्ठ्याला जाडी असते, म्हणून समोरासमोरच्या दोन भिंती पूर्ण मापाच्या घेतल्या तर उरलेल्या दोन त्या जाडीइतक्या कमी कापाव्या लागतात. नाहीतर कोपरे जुळत नाहीत आणि वरचा मजला तिरका बसतो. हे सगळं त्याने कात्री लावण्याआधी डोक्यात उभं केलं, उलटसुलट फिरवून पाहिलं, आणि मूर्ती आत कशी जाणार याचाही विचार आधीच करून ठेवला. वरच्या मजल्याचं माप कसं काढलं, ते त्याला विचारा. जे उत्तर देईल ते मला शब्दशः लिहून कळवा. चाळीस पानी रिपोर्टपेक्षा मला ते जास्त उपयोगी पडेल.

थर्स्टन यांच्या यादीतली शेवटची क्षमता ती हीच. पुस्तकांत तिला अवकाशीय क्षमता म्हणतात, आणि शाळेच्या गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकानाच नसतो. तिच्याकडे दुर्लक्ष होण्याची परंपरा मोठी आहे. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून असामान्य बुद्धीची मुलं शोधून काढायला सुरुवात केली. त्यांच्या चाचणीचा भर मुख्यतः शब्दांवर होता. चाचणी देऊन जी मुलं यादीत बसली नाहीत, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. शॉकलींना १९५६ मध्ये आणि अल्वारेझना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं! पुढे १९६० मध्ये अमेरिकेत सुमारे चार लाख शाळकरी मुलांच्या क्षमता मोजल्या गेल्या, आणि काही वर्षांनी त्यांची काय प्रगती झाली ते पाहिलं. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि भौतिक शास्त्रांत गेलेल्यांत ही आकृती फिरवण्याची क्षमता शाळेतच वरचढ होती.

एका मखरावरून मी निवाडा देणार नाही. घरच्या घरी एक गंमत करून बघा. चौकोनी कागद दोनदा घडी घाला, पंचिंग मशीनने एक भोक पाडा, आणि उघडायच्या आधी मुलाला दुसऱ्या कागदावर काढायला सांगा की भोकं किती आणि कुठे-कुठे पडली असतील. मग तिसरी घडी तिरकी घाला. खऱ्या चाचण्यांत असेच प्रश्न असतात. मोठ्या लेकीलाही बसवा शेजारी. ती अडखळली आणि हा झटकन पुढे गेला, तर दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून बघायची तुमच्या घरातली सवय आपोआप थोडी सैल होईल. नीट चाचणी हवी असेल तर सीबीएसई आणि एनसीईआरटी यांनी नववी-दहावीच्या मुलांसाठी केलेली ‘तमन्ना’ आहे. तीत भाषा, आकडे, तर्क, यंत्रांची समज, अवकाश अशा सात क्षमता बघतात आणि पास-नापास नसतं. तिथे मुलाला डोकं चालवून प्रश्न सोडवावे लागतात. शाईत बोट बुडवून भागत नाही.

गणिताच्या ४१ गुणांचं काय? प्रिलिमचा पेपर काढा आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, गुण कुठे गेले. महाराष्ट्रात दहावीला बीजगणित आणि भूमितीचे पेपर वेगळे असतात, त्यामुळे पुण्याच्या तुमच्या भाच्याला एकात बरे आणि दुसऱ्यात कमी गुण असते तर ते केव्हाच दिसलं असतं. आपल्याकडे सगळं एकाच पेपरात, एकाच आकड्यात बुडून जातं. माझा अंदाज आहे की वर्तुळ, त्रिकोण आणि घनफळ यांत त्याचे गुण बरे असतील आणि समीकरणं सोडवताना चिन्हांच्या चुकांत गेले असतील. अंदाज चुकीचाही ठरेल, पेपर बघूनच ठरवा. पण एक स्पष्ट सांगते: आकार समजतात म्हणून बीजगणितातून सुटका होत नाही. ए ग्रुप, म्हणजे सायन्समधला गणिताचा गट, घेतला तर दोन वर्षं कॅल्क्युलस मानेवर बसतं, आणि तिथे रोज गणितं सोडवायलाच लागतात.

आता दरवाजे कुठले उघडे राहतात ते पाहू. आर्किटेक्चरला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स लागतं आणि ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. इंजिनिअरिंगलाही तेच दोन विषय. म्हणजे आज कॉमर्स घेतलं की बारावीनंतर हे दोन्ही बंद. डिझाईनचं तसं नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेत कुठल्याही शाखेतून बारावी झालेला मुलगा प्रवेश परीक्षेला बसू शकतो. आणि तुमच्या दारातच, सयाजीराव विद्यापीठात, १९५० पासूनची फाईन आर्ट्स फॅकल्टी आहे, तिथे शिल्पकलाही शिकवतात. तिसरा रस्ता दहावीनंतर लगेच पॉलिटेक्निकला डिप्लोमा, मेकॅनिकल किंवा सिव्हिल, आणि मग डी टू डी (डिप्लोमा टू डिग्री) करून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. ‘डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचं’ असं तुमचे दीर म्हणाले, तर त्यांना मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टूलरूममध्ये न्या. डाय, म्हणजे धातूचा साचा, बनवणारा कारागीर लोखंडाच्या ठोकळ्यातली पोकळी कशी कल्पतो आणि त्याला पगार किती मिळतो, ते दोन्ही बघू द्या.

बडोद्याला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तेव्हा कला आणि यंत्र एकाच छताखाली शिकवायचं ठरवलं होतं. मुंबईच्या जे.जे.तून आलेले दादासाहेब फाळके तिथे शिकले: चित्र, फोटोग्राफी, वास्तुकला. त्यांना एकाच कप्प्यात बसवायचं म्हटलं असतं तर कोणत्या कप्प्यात बसवलं असतं? १९१३ मध्ये त्यांनी पडद्यावर आणलेल्या पहिल्या कथापटाला या सगळ्या कसबांची गरज लागली. तेच कलाभवन पुढे विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झालं.

‘तबला चार वर्षं शिकून सोडला, कशातच टिकत नाही’ हेही तुम्ही लिहिलंय. हात चांगला होता, असं त्याचे गुरुजी म्हणायचे. असेल. पण हात असणं एक आणि त्यात रात्र जागावी वाटणं दुसरं. तबल्यासाठी तो जागला नाही, पुठ्ठ्यासाठी जागला. इतकंच त्यातून निघतं. ‘टिकत नाही’ हा शिक्का मात्र आता मारू नका, सोळाव्या वर्षी तो खोल बसतो.

तर माझा कौल असा. चुका मुख्यतः चिन्हांच्या आणि घाईच्या निघाल्या, आणि रोज तासभर बीजगणिताला बसायला तो स्वतः तयार असला, तर ए ग्रुप. बसायची तयारी नसली तर डिप्लोमा, मनात कसलीही खंत न ठेवता. कॉमर्स फक्त त्याला स्वतःला हवं असेल तर, ठशांना हवंय म्हणून नको. निकाल लागला की डिप्लोमाचे ऑनलाईन फॉर्म एसीपीडीसी या राज्याच्या प्रवेश समितीकडून निघतात आणि त्याच सुमारास अकरावीची धावपळ असते. फॉर्म दोन्हीकडे भरा, आणि शाळेत फीची पूर्ण रक्कम भरण्याआधी प्रवेश रद्द केला तर किती परत मिळेल, ते लेखी विचारून घ्या.