टॉकिंग बुक नवीन सुरू केलंय? हे बघा

अमेरिकेत एनएलएसचं (अंध किंवा छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीची सरकारी लायब्ररी सेवा) पुस्तकं ऐकायचं मशीन फुकटच वापरायला मिळतं, ज्यात पुस्तक येतं ते कार्ट्रिज परत पाठवायलाही पोस्टेज नाही, त्यामुळे प्लेअर विकत घ्यायची घाई नको. कादंबऱ्यांना स्टँडर्ड मॉडेल पुरतं, पण कूकबुकसारखं मागेपुढे करत ऐकायचं असेल तर अ‍ॅडव्हान्स्डच मागा, त्यात बुकमार्क टाकता येतात. मशीन बंद असताना बटण दाबलं की ते कशाचं आहे ते मशीनच बोलून सांगतं, स्लीपचं बटण आधी शोधून ठेवा नाहीतर सकाळी उठाल तर पुस्तक संपलेलं! आणि लायब्ररीला नुसतं 'मिस्टरी पाठवा' म्हणू नका हो, शिव्या-मारामारी नको असेल तर तेही सांगा. नॅरेटर आवडला की बार्डवर (एनएलएसची पुस्तकं डाउनलोड करायची साइट) त्याच्याच नावाने शोधायचं, माझी निम्मी चांगली पुस्तकं अशीच सापडलीत.