पेशींचं बोलणं : संकेत, संवाद की निरोप?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय, की सेल सिग्नलिंगला, म्हणजे पेशी रसायनं सोडून दुसऱ्या पेशींना कामाला लावतात त्याला, 'पेशी-संकेतन' म्हटलं की पोरं नुसती तोंडाकडं बघत बसतात, मग 'पेशींचा संवाद' म्हटलं तर चालंल का, आणि हार्मोनला 'संप्रेरक' हा शब्द कसा काय.

संप्रेरकचं आधी सांगतो, ते सोपंय. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं हार्मोन हा शब्द वापरात आणला, ग्रीक क्रियापदावरनं, अर्थ चेतवणं, कामाला लावणं. संस्कृतात 'ईर्' म्हणजे हलवणं, त्याला प्र आणि सम् लागले की संप्रेरक. चोख शब्द आहे, बदलायची गरज नाही.

'संकेत' मात्र मला पटत नाही. आपल्या बोलण्यात संकेत म्हणजे दोघांत आधीच ठरलेली खूण नाहीतर रूढी, त्यात काहीतरी खरोखर इकडनं तिकडं जातंय हे येतच नाही. 'संवाद' म्हटलं तर दोन्हीकडनं बोलणं आलं, ते थायरॉइड आणि पिट्युटरी या ग्रंथींत होतं, पण दरवेळी उलट उत्तर येतंच असं नाही.

माझं मत 'निरोप'. आमची आज्जी बसच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायची, निपाणी स्टँडवर माझा भाचा उभा असंल त्याला म्हणावं बुधवारी ये. कंडक्टरला त्यातलं काही माहीत नसायचं, त्यानं फक्त पोचवायचं, पेशीतनं निघालेल्या रसायनाचंही अगदी तेच. १९२१ मध्ये ओटो लोवी या शास्त्रज्ञानं बेडकाची दोन हृदयं मिठाच्या पाण्यात वेगवेगळी धडधडत ठेवली, एकाची व्हेगस नस, म्हणजे मेंदूकडनं हृदयाकडं येणारा मज्जातंतू, चेतवली, ते मंद पडलं, मग त्याच्यातलं पाणी दुसऱ्याला दिलं तर तेही मंद पडलं, मध्ये नसेचा धागासुद्धा नव्हता. निरोप पाण्यातनं गेला! ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

आता गंमत बघा, हेच ॲसिटिलकोलीन हृदयाला हळू करतं आणि हातापायाच्या स्नायूला आखडवतं. निरोप एकच, अर्थ दोन, कारण अर्थ ऐकणाऱ्याकडं असतो. हे आपल्या भागातल्या पोरांना समजावायला 'अवसर' पुरेसाय. मराठीत अवसर म्हणजे संधी, सवड, आणि कन्नड कंडक्टर 'अवसर माडबेडा' म्हणाला की त्याचा अर्थ घाई करू नका. आवाज तोच, कान वेगळा. पेशीच्या कानाला 'ग्राही' म्हणतात, ग्रहण करणारा तो ग्राही, तोही शब्द छानच. स्नायूवरच्या ग्राहीचं नाव निकोटिनिक, कारण तंबाखूतलं निकोटीनसुद्धा त्या जातीच्या ग्राहींना चेतवतं, म्हणजे निपाणीच्या पोरांना निकोटीन शब्द तरी नवा नाही. हृदयावरचा ग्राही वेगळा, तो मस्कॅरिनिक.

आणि निरोपच का, याचं मोठं कारण त्याचा दुसरा अर्थ. पाहुण्याला वेशीपर्यंत जाऊन आपण निरोप देतो ना, पेशीलाही तो द्यावाच लागतो. काम झालं की ॲसिटिलकोलीनला एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, तिथल्या तिथं तोडून टाकतं, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. भाजीच्या मळ्यात औषध फवारताना विषबाधा झालेला माणूस बघितलाय मी, तोंडाला लाळ, घामानं भिजलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं तेच एन्झाइम बंद पाडतात, आलेला निरोप परत जातच नाही, सारखा तोच तोच पोचत राहतो, श्वासाचे स्नायू थकून बंद पडले तर माणूस जातो. दवाखान्यात ॲट्रोपीन देतात, ते मस्कॅरिनिक ग्राही अडवून धरतं, म्हणून लाळ, घाम आटोक्यात येतो.

तर बाई, पेपरात पोरांना पुस्तकातलंच लिहू द्या, मार्क जायला नकोत, पण फळ्यावर 'निरोप' लिहा आणि दोन्ही अर्थ त्यांच्याकडनंच काढून घ्या.