शेवट आधीच ठाऊक असलेला खेळ

आपण विचारले आहे की, हाती घेताना वाटले होते त्याहून अगदी वेगळा निघालेला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवत आणि फासे टाकत मिळून कथा घडवण्याचा खेळ, कोणता, मग तो अनुभव सुखद असो वा निराश करणारा. माझे उत्तर 'टेन कँडल्स' असे आहे. मी बरीच वर्षे हे खेळ खेळते आहे आणि त्यांतला बहुतेक काळ गेम मास्टरच्या, म्हणजे सूत्रधाराच्या, जागेवर बसून काढला आहे. परंतु दुसऱ्या कोणत्याही खेळाने माझा अंदाज इतका पुरता चुकवला नाही.

आधी हा अंदाज येतो कुठून ते सांगायला हवे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला आणि आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात आजही त्याच खेळाने किंवा त्याच्या एखाद्या भावंडाने होते. त्यामुळे पात्र हळूहळू बलवान होत जाते, मरण टाळायचे असते आणि संकट म्हणजे पार करायचा अडथळा असतो, या तीन गोष्टी कोणी न शिकवताच अंगवळणी पडतात. पुढचा प्रत्येक नवा खेळ आपण याच सवयीने उघडतो, मग त्याच्या मुखपृष्ठावर काहीही लिहिलेले असो.

स्टीफन ड्यूई यांचा 'टेन कँडल्स' २०१५ सालचा आहे. सूर्य नाहीसा झाला आहे, अंधारात काहीतरी वावरते आहे आणि मोजकी माणसे उरली आहेत, एवढीच त्याची पार्श्वभूमी. टेबलावर दहा छोट्या मेणबत्त्या लावायच्या आणि शेवटची विझेपर्यंत सगळी पात्रे मरणार, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगायचे. हे वाचून मला वाटले की मेणबत्त्या म्हणजे निव्वळ सजावट आहे, आणि शेवट ठरलेला असेल तर खेळाडू कशासाठी धडपडतील? आमच्यातल्या एकाने तर, मग फासे टाकायचेच कशाला, असे स्पष्ट विचारले होते.

फासे कशाला, हे पहिल्या तासातच कळले. खेळाडूंचा फाशांचा साठा सामाईक असतो आणि जितक्या मेणबत्त्या पेटलेल्या तितके सहा बाजूंचे फासे त्यात असतात. एका तरी फाशावर सहा पडले की यश मिळते. ज्या फाशांवर एक पडतो ते त्या प्रसंगापुरते बाद होतात. दहा फासे हाती असताना यशाची शक्यता सुमारे ८४ टक्के असते, पाच उरले की ती ६० टक्क्यांवर येते आणि एकच उरला की १७ टक्क्यांच्या आत. अपयश आले की प्रसंग संपतो आणि एक मेणबत्ती विझवली जाते. खेळाडूंनी गमावलेला फासा सूत्रधाराकडे जातो, त्यामुळे कथा सांगण्याचा अधिकारही हळूहळू त्यांच्या हातून सुटत जातो. भीती दाखवण्यासाठी मला वेगळे काहीच करावे लागले नाही. खोलीतला उजेड कमी होत होता आणि साठ्यात फासे किती उरले हे सगळ्यांना दिसत होते.

पात्राचे गुण आणि दोष कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेले असतात. आपण लिहिलेला गुण एका बाजूच्या शेजाऱ्याला द्यायचा आणि दोष दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे आपले पात्र अर्धेअधिक इतरांनी दिलेले असते. एक पडलेले फासे पुन्हा टाकायचे असतील तर आपल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली सर्वांत वरची चिठ्ठी मेणबत्तीवर धरून जाळावी लागते. आमच्या डावात एका मैत्रिणीच्या चिठ्ठीवर 'क्षमाशील' असा एकच शब्द होता. ज्या माणसाने तिच्या पात्राला मागे सोडून पळ काढला होता, त्याच्यासाठी दार उघडताना तिने ती चिठ्ठी ज्योतीवर धरली. कडा काळी पडून आत वळत गेली, तिने ती धातूच्या वाटीत टाकली आणि अक्षरे दिसेनाशी होईपर्यंत कोणी बोलले नाही. आपल्याकडे आता हा गुण राहिला नाही, हे तिने त्यानंतरच्या प्रत्येक वाक्यात पाळले, आणि तसे करायला नियमाने तिला सांगितले नव्हते.

डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या पात्राच्या आवाजात एक निरोप ध्वनिमुद्रित करायचा असतो. ज्याने फासे कशाला असे विचारले होते, त्याने आपल्या भावासाठी, किल्ली कुंडीखाली ठेवली आहे, उशीर झाला तर जेवून घे, असा अगदी साधा निरोप ठेवला होता आणि बोलताना तो जरासा हसलाही होता. तीन तासांनी शेवटची मेणबत्ती विझली आणि मिट्ट काळोखात मी ते ध्वनिमुद्रण लावले. ते हसू ऐकताना त्याने स्वतः मान खाली घातली होती, हे दिवा लावल्यावर दिसले. शेवट ठाऊक असल्याने उत्सुकता मरेल, ही माझी समजूत त्या रात्री पार मोडून पडली. जगणार की नाही हा प्रश्न आधीच निकालात निघाल्यामुळे, उरलेल्या वेळात आपण कसे वागणार, एवढ्याच प्रश्नाला सगळे टेबल जीव ओतून उत्तर देत होते.

दुसरे नाव घेईन ते जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क'चे, कारण तो आधी वाईट अर्थाने आणि मग चांगल्या अर्थाने वेगळा निघाला. २०१७ साली पुस्तकरूपाने आलेला हा खेळ चोरांच्या टोळीचा आहे. दरोडा म्हटला की बारकाईने आखणी करावी लागणार असे आम्ही गृहीत धरले आणि पहिल्या बैठकीत दीड तास पहारेकऱ्यांच्या पाळ्या, छपरे, दोर आणि पळवाटा यांवर खल केला. नियम मात्र सांगतात की हल्ला, फसवणूक, लपूनछपून प्रवेश अशा सहा प्रकारांतला एक निवडा, त्यातला एकच तपशील ठरवा, एकदा फासे टाका आणि थेट प्रसंगात उतरा. तयारीच करायची नसेल तर डोके कुठे चालवायचे, असे म्हणून एक खेळाडू चांगलाच नाराज झाला, आणि खरे सांगायचे तर मीही झाले होते.

दुसऱ्या बैठकीत एका हवेलीच्या दारात कारभाऱ्याने त्याच खेळाडूच्या पात्राला ओळखले. क्षणभर विचार करून तो म्हणाला की, तीन दिवसांपूर्वी मी या कारभाऱ्याचे जुगारातले कर्ज फेडले होते. या खेळात अशा पूर्वप्रसंगाला मान्यता आहे. तो जितका गुंतागुंतीचा, तितका पात्रावरचा ताण वाढतो, आणि सहन करता येणारा ताण मोजणारे चौकोन पात्राच्या कागदावर नऊच असतात. सामानाचेही असेच आहे, कारण किती ओझे न्यायचे एवढेच आधी ठरते आणि पिशवीत नेमके काय होते ते गरज पडेल तेव्हा सांगायचे असते. आखणी नाहीशी झाली नव्हती, ती प्रसंगाच्या मधोमध आणून ठेवली होती. शिवाय हताश, म्हणजे फार धोक्याच्या, अवस्थेत फासे टाकले की पात्राच्या प्रगतीसाठी लागणारा अनुभवाचा गुण मिळतो, त्यामुळे सावध राहणे ज्यांच्या हाडामांसी भिनले होते तेच आमचे खेळाडू चार-पाच बैठकींत आपणहून धोक्याच्या वाटा निवडू लागले. दरोड्यानंतरच्या पोलिसांच्या ससेमिऱ्याचा आणि इतर टोळ्यांशी असलेल्या संबंधांचा हिशेब मला आजही जड वाटतो, पण तो खेळ मी आनंदाने पुन्हा चालवीन.

निराशेचे उदाहरण द्यायचे तर 'व्हँपायर: द मास्करेड'चे देईन, आणि त्यात दोष खेळाचा कमी, माझा अधिक होता. मार्क राइन-हेगन यांचा हा खेळ १९९१ साली आला. स्वतःतल्या पशूशी झगडत माणूसपण टिकवण्याची शोकांतिका तो मांडू पाहतो आणि त्यासाठी पात्राच्या कागदावर माणूसपणाची मोजपट्टीच दिलेली असते. मी त्या शोकांतिकेची वाट पाहत राहिले. पण त्याच कागदावर अमानवी शक्ती मोजणारे ठिपके होते, ते भरत जाताना दिसत होते आणि माणूसपण बहुतेक वेळा फक्त घटत होते. शिवाय मी प्रत्येक बैठकीत एक मारामारी हमखास ठेवत असे. साहजिकच चार महिन्यांत आमचे रक्तपिपासू म्हणजे रात्री फिरणारे महाबली झाले आणि कोणालाही कशाचे दुःख उरले नाही. हीच तक्रार मी इतरही अनेक टेबलांवरच्या लोकांकडून ऐकली आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीवरही, ती अपेक्षेहून वेगळी निघाल्यामुळे, तेव्हा असाच रोष ओढवला होता आणि जुने नियम पुढे नेणारा 'पाथफाइंडर' हा खेळ २००९ साली आला तेव्हा बरेच खेळाडू तिकडे वळले. मीही वळले होते. पुढे ती आवृत्ती पुन्हा उघडली तेव्हा चौकटींच्या पटावरची लढाई म्हणून ती फार विचारपूर्वक रचलेली आहे हे लक्षात आले. एका घावात पडणारे किरकोळ शत्रू ही तिच्यातली कल्पना मी आजही इतर खेळांत वापरते.

आपण 'टेन कँडल्स' खेळून पाहणार असाल तर दोन गोष्टी सांगते. सगळे मरणार आहेत हे कोणापासूनही लपवू नका, आणि ज्यांना तसा शेवट नको आहे त्यांना मोकळ्या मनाने नाही म्हणू द्या. दुसरे असे की, वाऱ्याने किंवा कोणाच्या श्वासाने मेणबत्ती विझली तरी ती पुन्हा पेटवायची नसते आणि प्रसंग तिथेच संपतो. आमची सातवी मेणबत्ती एका जोराच्या सुस्काऱ्याने गेली होती. त्यानंतर डाव संपेपर्यंत सगळे ज्योतींपासून तोंड वळवून हळू आवाजात बोलत होते.